कमी चाललेल्या गाडीचं मोल

२०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत एका होंडा गाडीचा ऑनलाइन लिलाव झाला. एस-२००० या दोन आसनी गाडीची ती ‘सीआर’, म्हणजे क्लब रेसर आवृत्ती होती, २००९ चं मॉडेल. नवी असताना शोरूममध्ये तिची किंमत सदतीस हजार डॉलरच्या आसपास होती. तेरा वर्षांत ती चालली १२३ मैल. किलोमीटरमध्ये मोजलं तर दोनशेही भरत नाहीत. मुंबईहून निघून नाशिक ओलांडलं की संपले. ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या संकेतस्थळावर तिला शेवटची बोली लागली दोन लाख डॉलरची.

सीआर होंडाने काढली होती ती ट्रॅकवर पळवण्यासाठी. कापडी टप आणि तो उघडण्याची यंत्रणा काढून टाकली, त्या जागी सांगाड्याला ताठपणा देणारा आडवा दांडा बसवला, सस्पेन्शन कडक केलं. एसी आणि म्युझिक सिस्टिम हवी असेल तर वेगळे पैसे. अमेरिकेत अशा जेमतेम सातशे गाड्या विकल्या गेल्या. पळण्यासाठी इतक्या विचाराने बनवलेली गाडी उभी करून ठेवल्याबद्दल बाजाराने मालकाला मूळ किमतीच्या पाचपटीहून जास्त पैसे दिले. आणि त्याच काळात सत्तर-ऐंशी हजार मैल चाललेली साधी एस-२००० वीस-तीस हजार डॉलरला मिळत होती. तिचा घाट तोच होता, आणि मोटारप्रेमींच्या पिढीला वेड लावणारं वरच्या फेऱ्यांवर फिरणारं इंजिनही त्याच घराण्यातलं होतं.

या दोन किमतींमधलं अंतर नेमकं कशाचं? ‘दुर्मीळ म्हणून महाग’ हे उत्तर खरं असलं तरी अर्धंच आहे. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या ऑनलाइन लिलावांचे निकाल बारकाईने पाहत गेलं की दिसतं, इथे सर्वांत जास्त पैसे मोजले जातात ते शंका मिटण्यासाठी. घेणाऱ्याने गाडीला हात लावलेला नसतो, इंजिनाचा आवाज प्रत्यक्ष ऐकलेला नसतो. गाडी असते फ्लोरिडात आणि घेणारा सिएटलमध्ये. त्याच्यासमोर असतात फोटो, व्हिडिओ आणि कागद. यांच्यातून जेवढी शंका कमी होईल तेवढी बोली चढते.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटा निबंध लिहिला आणि त्यात उदाहरण घेतलं जुन्या गाड्यांच्या बाजाराचं. गाडीत काय दडलंय हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा कुठल्याही गाडीला सरासरी भावापेक्षा जास्त द्यायला तयार होत नाही. मग ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो म्हणतो, या भावात मी कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या बहुतांश रद्दी गाड्या, भाव आणखी पडतो, आणि बाजार आतून पोखरला जातो. याच विषयावरच्या कामासाठी अकेरलॉफला २००१ चं नोबेल विभागून मिळालं. आपल्याकडे सेकंडहँड गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतात किंवा ‘डॉक्टरची गाडी आहे, सिंगल ओनर’ हे शब्द ऐकून जीव भांड्यात पडतो, त्यामागे हीच भीती असते.

या हिशेबाने, न पाहता गाडी घेण्याचा बाजार उभाच राहायला नको होता. तो उभा राहिला, आणि केवढा! सॅन फ्रान्सिस्कोत २००७ साली रँडी नोननबर्ग आणि जेन्ट्री अंडरवुड यांनी ‘ब्रिंग अ ट्रेलर’ सुरू केलं तेव्हा त्यावर इतरत्र विक्रीला असलेल्या मजेदार जुन्या गाड्यांची फक्त ओळख करून दिली जायची. स्वतःचे लिलाव त्यांनी २०१४ मध्ये सुरू केले. २०२० मध्ये हर्स्ट या बड्या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतलं; ‘रोड अँड ट्रॅक’ आणि ‘कार अँड ड्रायव्हर’ ही मासिकं याच घरची. त्याच वर्षी यूट्यूबवर गाड्यांची परीक्षणं करणाऱ्या डग डीम्युरोने ‘कार्स अँड बिड्‌स’ काढलं, १९८० च्या दशकापासून पुढच्या गाड्यांसाठी. २०२३ च्या सुरुवातीला त्यात चर्निन ग्रुपने ३ कोटी ७० लाख डॉलर गुंतवले. २०२२ या एका वर्षात ब्रिंग अ ट्रेलरची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या वर गेली. ज्या मालाबद्दल अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक सावध करतं तोच माल लोक मोबाइलवर बघून घेत होते.

हे कसं जमलं, याचा धागा ग्रेगरी लुइस यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडतो. त्यांनी ‘ईबे मोटर्स’वरच्या लिलावांची आकडेवारी तपासली. विकणाऱ्याने जितके जास्त फोटो टाकलेले, जितका जास्त तपशील लिहिलेला, तितकी किंमत चढी असं त्यांना दिसलं. फोटो आणि वर्णन म्हणजे एक प्रकारचा करारच असतो: मी दाखवलं ते असं आहे, तसं नसेल तर मी जबाबदार. आणि जिथे फोटो नाही, तिथे घेणारा वाईटच गृहीत धरतो. ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्याचा फोटो का नाही टाकला? तिथे गंज असणार!

आजच्या लिलावांत ही रीत पराकोटीला गेली आहे. एका गाडीचे शंभर-दोनशे फोटो ही सामान्य गोष्ट झाली. गाडी जॅकवर चढवून खालून काढलेले, टायरवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दिसेल असे, बॉनेटच्या आतल्या बाजूचं कारखान्याचं स्टिकर वाचता येईल असे. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र दरवाज्यावर टेकवून आकडा दाखवणारे. तो आकडा अचानक दुप्पट दिसला तर त्या जागी डेंटिंग-पेंटिंग झालंय हे कुणीही ओळखावं. शिवाय रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाचा व्हिडिओ हवाच. गरम इंजिन पुष्कळ आजार लपवतं. थंड इंजिनाची पहिली दहा-पंधरा सेकंदं खरं बोलून जातात: साखळीची खडखड, सायलेन्सरमधून निळा धूर, थरथरत स्थिरावणारी चाल.

याच्या जोडीला असतात लोकांच्या टिप्पण्या. लिलाव चालतो साधारण आठवडाभर आणि प्रत्येक गाडीखाली उघड चर्चा रंगते. त्या मॉडेलची गाडी वीस वर्षं बाळगलेला कुणी ओहायोतून विचारतो, ‘ही चाकं या वर्षीच्या गाडीवर येत नव्हती, बदललीत का?’ दुसरा सर्व्हिसच्या पावत्यांतल्या तारखा आणि मीटरचे आकडे जुळवून पाहतो. विकणाऱ्याने लगेच, सरळ उत्तर दिलं तर बोली पुढे सरकते; गप्प बसला किंवा चिडला की थांबते. फुकटात काम करणारे हे शेकडो पारखी या बाजाराची खरी ताकद आहेत असं माझं मत आहे. पूर्वी हे ज्ञान चार-दोन दलालांच्या डोक्यात असायचं आणि ते त्याचे पैसे घ्यायचे. आता ते चव्हाट्यावर आलं. शिवाय प्रत्येक लिलावाचा निकाल, विकली न गेलेल्या गाडीची शेवटची बोलीसुद्धा, कायम पाहायला मिळते. भाव असा उघडा पडल्यावर ‘अशी गाडी परवाच मी इतक्याला विकली’ ही डीलरची थाप चालत नाही.

शंकेची किंमत किती असू शकते ते पाहायचं तर पोर्शा नाइन-इलेव्हनच्या ९९६ पिढीकडे यावं. १९६३ पासून नाइन-इलेव्हनचं इंजिन हवेने थंड होत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीला ९९३ ही पिढी संपली आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची ९९६ आली. जुन्या भक्तांना इंजिन आवडलं नाही, आणि पुढचे दिवे तर मुळीच नाहीत. ते पोर्शाच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरसारखे होते आणि त्यांना तळलेल्या अंड्यांची उपमा मिळाली. पण किंमत पाडली ती मुख्यतः एका बेअरिंगने.

या इंजिनात क्रँकशाफ्टपासून कॅमशाफ्टकडे फिरणं पोचवणारा एक मधला दांडा असतो, इंटरमीडिएट शाफ्ट. त्याच्या एका टोकाला बंद डब्यासारखं बेअरिंग आहे. त्यातलं ग्रीस कालांतराने निघून जातं, बंद असल्यामुळे इंजिन ऑइल त्यात नीट पोचत नाही, आणि बेअरिंग झिजून तुटलं तर वेळेचं गणित चुकून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणजे सगळं इंजिन गेलं. २०१३ मध्ये अमेरिकेत या बेअरिंगवरून मालकांनी लढवलेल्या सामूहिक खटल्यात तडजोड झाली. प्रत्यक्षात बहुसंख्य गाड्यांचं बेअरिंग कधीच तुटलं नाही. तरी भीती प्रत्येक गाडीला चिकटली, आणि पुष्कळ वर्षं ९९६ ही बाजारातली सर्वांत स्वस्त नाइन-इलेव्हन राहिली.

आता गंमत पाहा. हे बेअरिंग इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या तोंडाला बसतं. गिअरबॉक्स उतरवून क्लच आणि फ्लायव्हील काढलं की ते समोर येतं. त्यामुळे शहाणा मालक क्लच बदलायच्या वेळी ते सुधारित बेअरिंगने बदलून घेतो. मजुरी एकदाच पडते. जुनं ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून धातूचा कीस आहे का ते पाहतो आणि त्याचाही फोटो काढून ठेवतो. अशी पावती आणि असे फोटो असलेली ९९६, आणि तशीच पण पावती नसलेली, यांच्या बोलीत पडणारा फरक त्या कामाच्या खर्चाहून जास्त निघतो. याच पिढीच्या टर्बो आणि जीटी-३ ला वेगळं, शर्यतीच्या गाड्यांमधून आलेलं मेट्झगर इंजिन होतं, त्यात हा आजारच नाही. त्यांचे भाव केव्हाच वेगळ्या वाटेने गेले. दिवे मात्र त्यांचेही गोल नव्हते! दिव्यांची नावड लोक पैशांत माफ करतात, इंजिनाची शंका माफ करत नाहीत.

फेरारीच्या बाबतीत कागदाला आणखी वजन. १९९० च्या दशकातल्या एफ-३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन गाडीतून बाहेर काढावं लागतं. हे काम ठरावीक वर्षांनी करावंच लागतं, गाडी चालो न चालो. रबर वयानेही म्हातारं होतं. इथे कमी चाललेली गाडी हीच धोक्याची असू शकते. पाच हजार मैल चाललेली पण बेल्टची पावती नसलेली गाडी घेणारा पहिल्या दिवशीच मोठ्या बिलाला सामोरा जातो. म्हणून जाणकार आधी ‘शेवटची मेजर सर्व्हिस कधी झाली’ हे विचारतात, मीटरचा आकडा नंतर.

त्यापुढच्या फेरारींत मात्र किंमत ठरवणारी गोष्ट वेगळीच निघाली: गिअरचा दांडा. एफ-४३० घेताना नवेपणी बहुतेकांनी स्टीअरिंगमागच्या पॅडलवाला गिअरबॉक्स निवडला, कारण तेव्हा तो आधुनिक होता. खाचांच्या चकचकीत धातूच्या पट्टीतून टकटक करत फिरणारा हाताचा गिअर थोड्यांनीच घेतला. आता हातगिअरची एफ-४३० पॅडलवालीच्या दुप्पट किमतीला जाते, कधी त्याहून वर. ५९९ जीटीबी तर हातगिअरची जगभरात जेमतेम तीस बनली. शोरूममध्ये ज्याला गिऱ्हाईक नव्हतं त्यालाच वीस वर्षांनी सर्वांत मोठी बोली! मला यात बाजाराची चांगली बाजू दिसते. लोक इथे वेगाचे पैसे देत नाहीत. पॅडल हातापेक्षा जलदच गिअर टाकतं. ते पैसे देतात गाडी स्वतः चालवल्याच्या सुखाचे.

जपानी गाड्यांच्या किमतीमागे अमेरिकेचा एक कायदा आहे. १९८८ च्या कायद्यानुसार, अमेरिकी सुरक्षा मानकांप्रमाणे न बनवलेली परदेशी गाडी सहजासहजी आणता येत नाही. पंचवीस वर्षं पुरी झाली की ती अट सुटते. निसानने स्कायलाइन जीटी-आर अमेरिकेत कधीच विकली नाही. १९८९ ची आर-३२ तिथे २०१४ मध्ये कायदेशीर झाली, १९९९ ची आर-३४ थेट २०२४ मध्ये. मधल्या काळात एक पिढी व्हिडिओ गेममध्ये ती चालवत आणि ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ मालिका बघत मोठी झाली, कमावती झाली. याच मालिकेच्या पहिल्या चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली नारिंगी टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये बॅरेट-जॅक्सनच्या लास व्हेगासमधल्या लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. विशीत भिंतीवर लावलेलं चित्र चाळिशीत गॅरेजमध्ये आणायची इच्छा हे या बाजाराचं इंधन आहे. युद्धपूर्व काळातल्या गाड्यांचे चाहते वयाने उतरणीला लागले आणि १९९० च्या दशकातल्या गाड्या वर आल्या, त्याचंही कारण हेच.

जपानमधून येणाऱ्या गाडीबरोबर एक कागद येतो, तो मला फार आवडतो. यूएसएससारख्या तिथल्या घाऊक लिलावांत तपासनीस प्रत्येक गाडीचा तक्ता भरतो. गाडीचं वरून काढलेलं रेखाचित्र आणि त्यावर खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा दुरुस्त केल्याची लाट, पुढे तीव्रतेचा आकडा. अपघातातून दुरुस्त झालेल्या गाडीला एकूण गुणांऐवजी आर हा शेरा. एका पानावर गाडीची कुंडली. अमेरिकी लिलावात हे पान फोटोंमध्ये असलं की निम्मी चर्चा तिथेच मिटते.

लिलाव संपतानाची पद्धतही भावावर परिणाम करते. ईबेवर ठरल्या क्षणी लिलाव बंद होत असे, म्हणून लोक शेवटच्या सेकंदाला बोली टाकून इतरांना उत्तर द्यायला वेळच उरू देत नसत. अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत उशिरा बोली आली की मुदत वाढायची. अल्विन रॉथ आणि अक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना करून दाखवलं की मुदतवाढीच्या नियमात शेवटच्या क्षणाची ही झडप बरीच कमी होते. ब्रिंग अ ट्रेलरने मुदतवाढच निवडली: शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर. मग दोन हट्टी माणसं अर्धा-अर्धा तास एकमेकांना ओढत नेतात. बोली पाचशे डॉलरने वाढते, हजाराने वाढते, आणि खाली शेकडो लोक श्वास रोखून बघत असतात. घेणाऱ्याला वर पाच टक्के शुल्कही द्यायचं असतं, कमाल मर्यादेपर्यंत. विकणाऱ्याला राखीव किंमत ठेवता येते. पण राखीव किंमत नसलेल्या गाडीवर बोली लावणारे जास्त जमतात, कारण ती नक्की विकली जाणार असते.

२०२१-२२ ची तेजी या सगळ्यावर चढली होती. अमेरिकेत व्याजदर जवळपास शून्य, लोक घरात, नव्या गाड्यांना चिपचा तुटवडा. मार्च २०२२ पासून फेडरल रिझर्व्हने दर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. कर्ज काढून गाडीत ‘गुंतवणूक’ करणाऱ्यांचं गणित बिघडलं. बोली थंडावल्या, राखीव किमतीला न पोचलेल्या गाड्या वाढल्या. सर्वांत आधी घसरल्या त्या सर्वसाधारण गाड्या, ज्यांच्यासारख्या आणखी वीस बाजारात होत्या.

राहता राहिला मीटरचा आकडा. लॅसेटेरा, पोप आणि सिडनॉर या तिघांनी अमेरिकेतल्या घाऊक बाजारातल्या २ कोटी २० लाखांहून अधिक गाड्यांचे व्यवहार तपासून २०१२ मध्ये दाखवलं की प्रत्येक दहा हजार मैलांचा टप्पा ओलांडताना किंमत एकदम दीड-दोनशे डॉलरने खाली येते. ३९,९९० मैल आणि ४०,०१० मैल यांत गाडीला काहीच फरक पडत नाही, माणसाच्या डोळ्याला पडतो. स्पोर्ट्‌स कारच्या बाजारात हा भ्रम अनेक पटींनी फुगतो. मालक रविवारी किल्ली हातात घेतो आणि मनात हिशेब करतो, या फेरीने किती डॉलर जातील? पुष्कळदा किल्ली परत खुंटीवर. गाडी उभी राहते, सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ज्या होंडाचं २.२ लिटरचं इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत जायला बनवलं, त्याला तीन हजारांच्या वर नेऊ नये असं वाटायला लावणारा बाजार त्या इंजिनाच्या अभियंत्यांवर अन्याय करतो. हे मला मनापासून खटकतं.

आपल्याकडून या लिलावांत बोली लावणं जवळपास अशक्य आहे. परदेशात वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या हाताच्या स्टीअरिंगची हवी, आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. वर शुल्काने किंमत दुपटीच्या पुढे जाते. पंचवीस वर्षांची स्कायलाइन या चाळणीतून गळणारच. न्यू जर्सीत किंवा बे एरियात स्थायिक झालेल्या मराठी माणसांना मात्र हे दार उघडं आहे.

तिथे कुणी विचारलंच, तर मी सांगेन की चाळीस ते ऐंशी हजार मैल चाललेली गाडी पाहा, जिच्या मालकाने दर वर्षीच्या ऑइलची पावती जपली आहे, जिचा क्लच एकदा बदललाय, जिच्या पुढच्या बंपरवर दगडांचे टिपके आहेत आणि विकणाऱ्याने त्यांचा जवळून फोटो काढून टाकलाय. तिच्यातली घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, आणि आणखी पाच हजार मैलांनी तिचं फारसं काही बिघडत नाही. पैसे भरण्याआधी मात्र गाडीच्या गावातल्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. लिलाव सुरू असतानाच ती करायची असते, हातोडा पडल्यावर नाही.